दोन कॅरेट टोमॅटो आलेत, सॉस करू की नुसता रस आटवून ठेवू?

ओतूरची_सून

नमस्कार मंडळी,

काल रात्री साडेदहाला दीर टेम्पो घेऊन आले आणि दोन कॅरेट टोमॅटो दारात ठेवून गेले. एका कॅरेटात २० किलो, म्हणजे एकूण ४० किलो. आमचं सासर ओतूरचं, माल नारायणगावच्या मार्केटला जातो. या आठवड्यात भाव एवढा पडलाय की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नाही. सासूबाई म्हणाल्या, "बांधावर ओतण्यापेक्षा पोरांच्या पोटात जाऊ दे." २०२३ च्या जुलैत हेच कॅरेट २,००० रुपयांच्या वर गेलं होतं, तेव्हा दीर रात्री राखणीला शेतात झोपायचे. हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे यातला एकही टोमॅटो वाया घालवायला माझा हात धजत नाही.

आम्ही चिंचवडला राहतो. घरात चार माणसं, फ्रीज साधा, फ्रीजरचा एकच कप्पा. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला सगळ्याबरोबर सॉस लागतो. पोळीला सॉस, पोह्यांवर सॉस, परवा तर वरणभातावर घेतला. म्हणून वाटलं, घरीच करू.

पण मागच्या वर्षीचा अनुभव वाईट आहे. रात्री मुलं झोपल्यावर सात-आठ किलो टोमॅटो चिरून पातेल्यात झाकून ठेवले, सकाळी मिक्सरला फिरवून गाळले आणि दोन तास आटवले. रंग सुरेख आला होता. सहा बाटल्या भरल्या. आठव्या दिवशी बघते तर वर बोटभर पाणी आणि खाली लगदा. बाराव्या दिवशी एका बाटलीचं झाकण फुगलं, उघडताना फस्सकन आवाज आला आणि आंबूस वास सुटला. सहाच्या सहा बाटल्या ओतून दिल्या. सासूबाईंना हे आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तर एक, पाणी का सुटलं आणि या वेळी काय करू? दोन, शेजारच्या वहिनी म्हणतात की शिजवलेल्या टोमॅटोत लायकोपीन, म्हणजे ते तब्येतीला चांगलं लाल रंगद्रव्य असतं, सॉस तब्येतीला चांगला. मुलाचे डॉक्टर म्हणतात सॉस बंद करा. घरचा सॉस असेल तर त्याला हवा तेवढा देऊ का? आणि तीन, चाळीस किलोंचं सॉसशिवाय काय काय होईल?

वऱ्हाडी_खलबत्ता

ताई, आमच्या अकोल्याकडं टोमॅटोला भेदरं म्हणतात, अन् भेद्र्याची चटणी झाली का जेवणाला दुसरं काई लागत नाई. चार लाल भेदरे निखाऱ्यावर भाजा, नाहीतर गॅसवर जाळी ठेवून भाजा. साल काळी पडून तडकली पायजे. त्याच जाळावर चार-पाच हिरव्या मिरच्या अन् सालीसकट लसणाचा गड्डा. साली काढा, खलबत्त्यात मीठ घालून आधी लसूण-मिरची ठेचा, भेदरे शेवटी. फार बारीक करू नका, दाताखाली आलं पायजे. वरून कच्चं तेल, जवसाचं असलं तर सोनं, अन् कोथिंबीर. ज्वारीच्या भाकरीसंगं खा.

टिकत नाई, त्याच दिवशी संपवा. म्हणजे चाळीस किलोवर हा इलाज नाई, पण रोज अर्धा किलो तरी असा जाईल. पोराला बिनमिरचीची करून द्या, भाजलेल्या भेद्र्याची गोडी त्याला आवडंल.

निगडी_प्राधिकरण

एक विचारतो, रागावू नका. गॅसचा हिशेब केलात का? चाळीस किलोंतलं पाणी आटवायला सिलिंडरचा केवढा भाग जाईल? टोमॅटोत जवळपास ९५ टक्के पाणीच असतं. आमच्याकडे हा प्रयोग झालाय, बायको दोन दिवस ओट्यापाशी उभी होती. सोसायटीत वाटून टाका, दुवा तरी मिळेल.

वाईची_काकू

अगं सूनबाई, बाकी सगळं नंतर. आधी उठ आणि ते टोमॅटो कॅरेटमधून बाहेर काढ. खालचे दबलेले असतात, ते उद्यापर्यंत थांबणार नाहीत. वर्तमानपत्रावर एकच थर पसर, देठाची बाजू खाली. कडक हिरवट वेगळे, लालबुंद वेगळे. फुटून पाणी सुटलेले आणि काळा डाग पडलेले सरळ टाकून दे. त्याचा जीवाला चटका लावून घेऊ नकोस, एक बुरशी धरलेला टोमॅटो अख्ख्या पातेल्याची चव घालवतो.

मी वाईला २२ वर्षं सॉस, जॅम, सरबतांचा गृहउद्योग चालवला. सुरू केला तेव्हा एफपीओचा परवाना लागायचा, पुढे एफएसएसएआय आलं. आता वयोमानाने बंद केलाय, पण हात अजून विसरलेले नाहीत. पहिल्या वर्षी माझ्याही ४० बाटल्या तुझ्यासारख्याच गेल्या आणि कारणही तेच होतं, म्हणून तुझं वाचून थांबवेना.

तुझा सॉस बिघडला तो त्या रात्रीच. टोमॅटो चिरला की त्याच्या आतली एंझाइम्स मोकळी होतात आणि पेक्टिन तोडायला लागतात. जॅमला धरून ठेवतं तेच हे पेक्टिन. टोमॅटोच्या रसाला अंग असतं ते त्याच्यामुळे. तू चिरून रात्रभर झाकून ठेवलेस, सकाळपर्यंत ते तुटून गेलं. मग कितीही आटव, गर आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, बाटलीत वेगळे होतातच. मोठ्या कारखान्यांत टोमॅटो चिरल्याबरोबर ८५ अंशांच्या वर नेतात, त्या उष्णतेला ही एंझाइम्स निकामी होतात. याला ते हॉट ब्रेक म्हणतात. आपण घरी असं करायचं: जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात चार-पाच टोमॅटो चेचून मोठ्या आचेवर खळखळ उकळायचे. मग बाकीचे एकेक करून चिरायचे आणि चिरला की लगेच त्या उकळत्या रसात टाकायचा. उकळी मोडेल इतके एकदम टाकायचे नाहीत.

गॅसची काळजी करणाऱ्या दादांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्याला उपाय कुकर. अख्खे टोमॅटो, तळाला वाटीभर पाणी, एक शिट्टी. न चिरता तापले म्हणजे पेक्टिनही शाबूत राहतं आणि गॅसही वाचतो. नंतर वर हिरवट-पिवळं पाणी तरंगतं, त्यातलं थोडं काढून घे. त्याची आमटी कर, कणीक भिजव. तेवढं आटवायचं वाचलं.

मिक्सर लावू नकोस. बिया भरडल्या की कडवटपणा येतो, आणि फेस होऊन हवा शिरते, मग लाल रंग गुलाबी होतो. तुझ्याकडे पुरणयंत्र आहे ना? टोमॅटोसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बारीक जाळी लाव आणि फिरव. साल आणि बी वर राहते, गर खाली येतो. बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर मात्र नीट दाबून काढ. बायका तो टाकून देतात, पण टोमॅटोची जी भरलेली चव असते, ज्याला हल्ली उमामी म्हणतात, ती देणारं ग्लुटामेट त्या गरातच जास्त असतं.

आता मसाला. एक किलो रसाला ५० ग्रॅम कांदा, १० ग्रॅम आलं, ५ ग्रॅम लसूण, हे सगळं ठेचून. पाच लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, पाच-सहा मिरी, अर्धा चमचा जिरं. हे सगळं मलमलच्या फडक्यात सैल बांधून पुरचुंडी रसात सोड आणि मधून मधून डावाने दाबत राहा. लवंगेचं डोकं मोडून मगच घाल. त्यात टॅनिन असतं आणि त्याने सॉस बाटलीच्या मानेशी काळा पडतो. लोखंडी कढई नको ती याचसाठी. ॲल्युमिनिअमही नको, आणि पितळेचं पातेलं कल्हई ताजी असेल तरच. आंबट पदार्थ भांडं खातो.

साखर दोनदा घालायची. एक-तृतीयांश सुरुवातीला, तिने रंग धरून राहतो, उरलेली दाट व्हायला लागल्यावर. मीठ अगदी शेवटी, १० ग्रॅम. ते आधी पडलं तर रंग फिका होतो. व्हिनेगर त्याच्याही नंतर, किलो रसाला २५ मिलिलिटर, कारण उकळत ठेवलं तर त्यातला आंबटपणा वाफेबरोबर उडून जातो. पुरचुंडी घट्ट पिळून मग टाक, सगळा अर्क तिच्यातच असतो.

किती आटवायचं, हे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलींना मी लाकडी उलथन्यावर शिकवायचे. रस पातेल्यात ओतला की उलथनं उभं बुडवायचं आणि रस जिथवर आला तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. त्या उंचीचा एक-तृतीयांश मोजून दुसरी रेघ. रस दुसऱ्या रेघेवर उतरला की मसाला-मीठ बघायचं. पण रेघेपेक्षा कानाने जास्त कळतं. सुरुवातीला खळखळ असते, मध्ये बुडबुड, आणि शेवटी फद्... फद्... असे एकेक मोठे बुडबुडे फुटायला लागतात. तेव्हा हाताला टॉवेल गुंडाळ, अंगावर उडतं आणि चटकन फोड येतो. त्या वेळी थंड बशीत एक थेंब टाक, बशी तिरकी कर, मिनिटभर थांब. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटव. कडं नाही सुटलं तर गॅस बंद.

बाटल्या काचेच्याच घे, अर्धा तास पाण्यात उकळून. सॉस उकळता आणि बाटली गरम असतानाच भर, वर बोटभर जागा ठेव, झाकण लाव आणि तळाला फडकं घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास उभ्या ठेव. हे आम्ही चुकवत नसू. तुझी बाटली फुगली ती बहुतेक यीस्टने, म्हणजे सॉस आंबला. तू चाखून न बघता ओतलंस हे फार बरं केलंस. फुगलेल्या झाकणाची बाटली कधीच चाखायची नाही. टोमॅटो आंबट वाटतो, पण तो काठावरचा आहे. पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढत नाहीत, आणि हल्लीचे टोमॅटो कधी कधी त्याच्या वरही जातात. म्हणून व्हिनेगर चवीसाठी म्हणून कमी-जास्त करायचं नाही, ते मापानेच पडलं पाहिजे. विक्रीच्या मालात आम्ही किलोला पाव ग्रॅम सोडियम बेन्झोएट, म्हणजे माल टिकवणारी पावडर, कोमट पाण्यात विरघळवून घालायचो. घरच्यासाठी मी ते घालत नाही. फ्रीजमध्ये ठेव आणि उघडलेली बाटली महिन्याभरात संपव.

आता साखरेचं. आमचं विक्रीचं माप किलो रसाला ७५ ग्रॅम साखर. रस एक-तृतीयांशावर आला, त्यात साखर मिसळली, की साधारण ४०० ग्रॅम सॉस होतो. म्हणजे १०० ग्रॅम सॉसमध्ये १८-१९ ग्रॅम आपण घातलेली साखर, शिवाय टोमॅटोची स्वतःची. मीठ अडीच ग्रॅम. दुकानातल्या चांगल्या बाटलीतही जवळपास हेच असतं. घरचा म्हणून साखर कमी होत नाही गं, माप तेच तर सॉस तोच. बावीस वर्षं बाटल्या विकल्यात, पण माझ्या नातवाला मी हवा तेवढा सॉस दिला नसता. तुझ्या लेकासाठी किलोला ३० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम मीठ घाल. व्हिनेगर तेवढंच. मग मात्र तो बाहेर ठेवू नकोस, कारण बाहेर टिकायला साखर-मीठही हातभार लावतात. छोट्या बाटल्या भर, एक वापरात, बाकीचा सॉस डब्यांतून फ्रीजरला.

आणि चाळीसच्या चाळीस किलोंचा सॉस करायचा नाही. मी तुझ्या जागी असते तर आठ किलोंचा सॉस केला असता, त्याचा अडीच किलोच्या आसपास होईल, पोराला पुष्कळ झाला. वीस किलोंचा नुसता रस आटवून ठेवला असता, ना मीठ ना साखर. एक-तृतीयांशावर आणलास की साडेपाच लिटरच्या आत-बाहेर होतो. थंड करून पिशव्यांत भर, आडवं पसरून गोठव, पाटीसारखे चपटे थर होतात आणि एका कप्प्यात सगळं बसतं. लागेल तेवढा तुकडा मोडून घ्यायचा. चार किलो कडक हिरवट बाजूला काढ, त्याची तीळ-दाण्याची चटणी होते, खाली सांगते. उरलेले आठ किलो खा आणि वाट. निगडीच्या दादांच्या दुव्याची सोय त्यात झाली.

हिरव्या टोमॅटोची चटणी: फोडी तेलावर परतायच्या, पाणी सुटून आटेपर्यंत. हिरव्या मिरच्या, लसूण त्यातच. भाजलेले तीळ आणि शेंगदाणे, मीठ, गुळाचा खडा, आणि भरड वाटायचं. वरून हिंग-मोहरीची फोडणी. फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहते. भाकरीबरोबर घे किंवा डब्यात पोळीच्या गुंडाळीत लाव.

सॉसकडे मी चिंचगुळासारखं बघते. आंबट, गोड, तिखट, खारट, सगळं एका चमच्यात. त्यामुळे चिंचगूळ जिथे चालतो तिथे तो चालतो. मटकीच्या उसळीत उतरवताना एक चमचा घाल, अंड्याच्या रश्श्यात घाल, पण मग गूळ आणि मीठ त्या हिशेबाने कमी कर. पावभाजीत मात्र सॉस घालू नकोस, गोडूस आणि चिकट होते. तिथे आटवलेला रस लोण्यावर तेल सुटेपर्यंत परत. सारालाही रसच. दोन डाव घट्ट रस, चार वाट्या पाणी, नारळाचं दूध, चवीला मीठ-साखर, आणि तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी. नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळी आणायची नाही, फुटतं.

आहार_नाशिक

काकूंनी साखरेचा हिशेब मांडला, माझं निम्मं काम झालं. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि पिंपळगाव बसवंतची असल्यामुळे टोमॅटो आमच्याही घरचा.

ताई, तुमच्या वहिनीही बरोबर आहेत आणि डॉक्टरही. १०० ग्रॅम ताज्या टोमॅटोत १८ कॅलरी, १४ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि अडीच-तीन मिलिग्रॅम लायकोपीन असतं. १०० ग्रॅम केचपमध्ये साधारण १०० कॅलरी, २० ग्रॅमच्या वर साखर, ९०० मिलिग्रॅम सोडियम आणि लायकोपीन १२ मिलिग्रॅमच्या पुढे. क जीवनसत्त्व उष्णतेने बरंच जातं. लायकोपीन टिकतं, शिवाय शिजवल्याने पेशींच्या भिंती मोडून ते मोकळं होतं आणि तेला-तुपाबरोबर शरीरात जास्त शोषलं जातं. एवढं खरं.

पण आपण १०० ग्रॅम सॉस खात नाही. एक मोठा चमचा म्हणजे १५ ग्रॅम. काकूंच्या मापाने त्यात जेमतेम अर्धा टोमॅटो असतो, ५० ग्रॅमही नाही. त्याबरोबर तीन-साडेतीन ग्रॅम साखर आणि दीडशे मिलिग्रॅम सोडियम येतं. तुमचा मुलगा दिवसभरात असे पाच चमचे खात असेल, आणि सॉसवर प्रेम करणारी मुलं सहज खातात, तर १६-१७ ग्रॅम साखर सॉसचीच झाली. या वयात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी असं आम्ही सांगतो. दूध, बिस्किट, सरबत यांची अजून मोजलेलीच नाही. मोठ्यांनाही दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, आणि आपल्याकडे लोणचं-पापडातच त्यातलं बरंच संपतं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर सॉस रोजच्या ताटात नकोच.

लायकोपीनसाठी काकूंचा बिनसाखरेचा रस सगळ्यांत चांगला. तो तेलावर परतून भाजीत गेला की वहिनींचं म्हणणं पूर्ण झालं. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी एक करायला सांगते. दोन चमचे आटवलेला रस, अर्धा चमचा तूप, चिमूटभर जिरेपूड, मीठ, आणि एक भिजवलेला खजूर वाटून. दोन मिनिटं परतायचं. लालचुटूक दिसतो, गोडसर लागतो, मुलं सॉस म्हणून खातात. आधी निम्मा नेहमीचा सॉस आणि निम्मा हा, असं मिसळून द्या. एकदम बदललंत तर तो बशी बाजूला सारेल.

बियांनी मुतखडा होतो म्हणून टोमॅटो टाळणारे पुष्कळ भेटतात. टोमॅटोत मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्झॅलेट पालकाच्या मानाने अगदी कमी असतं, निरोगी माणसाने टाळायचं कारण नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी. आटवलेल्या रसात पोटॅशियमही एकवटतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावा. ज्यांना जळजळ होते त्यांनी रात्रीच्या जेवणात टाळावा.

बाटली विकत घेतलीत तर मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. टोमॅटो पहिला आहे की पाणी-साखर पहिली, हे तिथे लगेच कळतं. केचप किंवा टोमॅटो सॉस म्हणून विकायचं तर मीठ सोडून २५ टक्के विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळलेले घटक असावे लागतात. पण ते टोमॅटोचेच असतात असं नाही, साखरही त्यात मोजली जाते, म्हणून नुसतं नाव बघून चालत नाही.

पेनांगकर

थोडं अवांतर. मी मलेशियात पेनांगला आठ वर्षं आहे. इथे आल्यावर किराणा दुकानात "किचाप" मागितलं तर हातात काळी सोया सॉसची बाटली आली. इथे किचाप म्हणजे सोया सॉस, गोड हवा असेल तर किचाप मानिस. लाल टोमॅटोचा असेल तर "सोस तोमातो" म्हणायचं. शेजारचे होक्कियन, म्हणजे मूळचे दक्षिण चीनचे आजोबा म्हणाले, तो शब्द आमचाच, मुळात माशांच्या खारवलेल्या पाण्याचा. केचप हा शब्द तिथूनच इंग्रजांनी नेला असं मानतात. त्यांच्याकडे आधी अळंब्यांचं, अक्रोडाचं केचप व्हायचं. टोमॅटोच्या केचपची कृती फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ यांनी १८१२ मध्ये छापली, तिच्यात साखर नव्हती. साखर नंतर आली. तेव्हा काकूंच्या कमी साखरेच्या सॉसला परंपरा आहे!

ओतूरची_सून

काकू, सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कॅरेट आधी उपसलं. खालच्या थरातले तीन किलो तरी गेलेच होते, एक दिवस उशीर झाला असता तर किती गेले असते कोण जाणे.

काल आणि आज मिळून काम उरकलं. कुकरने दहा खेपा केल्या. पुरणयंत्र सासूबाईंचं, लग्नात दिलेलं, पुरणाशिवाय कधी वापरलं नव्हतं. नवरा फिरवत होता, मी आटवत होते. उलथन्यावरच्या दोन रेघा अजून पुसलेल्या नाहीत. तुम्ही म्हणालात तसा आवाज खरंच बदलतो. पहिल्यांदा बशीत थेंब टाकला तर लगेच कडं सुटलं. मला वाटलं पुन्हा मागच्यासारखंच होणार. अजून पंचवीस मिनिटं आटवलं आणि मग थेंब जागचा हलला नाही. तो बघून मला रडूच आलं.

सॉसच्या दोनशे ग्रॅमच्या नऊ बाटल्या झाल्या, थोडा डब्यात उरला. साखर तुमच्या मापाने ३० ग्रॅम. रसाच्या पिशव्या अकरा, कप्पा गच्च भरलाय. नाशिकच्या ताईंचा खजुराचा सॉस आज डोशाबरोबर दिला. निम्मा-निम्मा केला होता. त्याने विचारलं, "हा कुठला?" मी म्हटलं, "आजीच्या शेतातला." पुन्हा घेतला. भेद्र्याची चटणी मात्र आम्ही मोठ्यांनीच संपवली, वऱ्हाडी दादा, तुमच्यासाठी भाकऱ्या मुद्दाम केल्या होत्या. आणि संध्याकाळी सासूबाईंना फोन करून मागच्या वर्षीच्या बाटल्यांचं सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "दिवाळीला दोन बाटल्या इकडं आण."

एकच राहिलंय. पुरणयंत्रात उरलेली सालं-बिया परातभर आहेत. टाकवत नाहीत. गच्चीवर वाळवाव्या म्हटलं तर आभाळ भरून आलंय. ओव्हनमध्ये चालेल का?

वाईची_काकू

चालेल. बियाही राहू देत. ताटात पातळ पसर, ओव्हन सगळ्यांत कमी आचेवर, साठ-सत्तर अंशांवर ठेव आणि दारात लाकडी चमचा अडकवून फट राहू दे, वाफ बाहेर जायला हवी. दर तासाने हलव. पाच-सहा तास तरी लागतील. बोटाने मोडल्यावर कट्कन तुटली पाहिजेत, चिवट लागली तर अजून ठेव. गार झाल्यावर मिक्सरला बारीक कर, कोरड्या बरणीत भर. लायकोपीन सालीतच जास्त असतं. डाळीच्या फोडणीत तिखट टाकतेस ना, त्याच्याबरोबर अर्धा चमचा टाक, करपू देऊ नकोस. शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीतही छान लागते. बरणीत पाण्याचा हात लावू नकोस.

आणि दिवाळीला नेताना सॉसच्या बाटल्या आदल्या दिवशी फ्रीजमधून काढून ठेवू नकोस. निघताना काढ, ओल्या फडक्यात गुंडाळ आणि ओतूरला पोचल्याबरोबर पुन्हा फ्रीजमध्ये.